रिकाम्या घराचा आवाज

हितेश, तुझ्या बेसण्याला त्यांनी बासरी लावली होती.

पादरा गावातल्या तुमच्या ज्ञातीच्या वाडीतल्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. समोर खुर्चीवर तुझा फोटो, फोटोला सुखडाचा चंदनी हार आणि कोपऱ्यात एक लहानसा स्पीकर. पेपरात शोकसभेची वेळ चार ते सहा अशी दिली होती. लोक येत होते, हात जोडत होते, पाच मिनिटं मान खाली घालून बसत होते आणि उठून आपापल्या चपला शोधत होते. आणि सगळा वेळ ती बासरी. दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसलं की वाजते ना, तीच. सीडी संपली की खट्ट, आणि पुन्हा पहिल्यापासून. मला हसू आलं. तुझ्या फोटोसमोर मांडी घालून बसलेला मी, शेजारी माझी आई, आणि मला हसू आवरेना. मग जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

कारण चौदा वर्षांपूर्वी आपल्या फिल्ममध्ये बासरी घालायची नाही म्हणून तू माझ्याशी तीन आठवडे भांडला होतास. आणि शेवटी कुणीतरी ती तुझ्यावर घातलीच. तुला उठून स्पीकर बंद करणं शक्य नव्हतं. मला होतं. स्पीकर माझ्यापासून चार हातांवर होता. मी उठलो नाही. तुझ्यासाठी जे करायचं ते न करायची मला सवयच आहे.

तू कुठे जन्मलास, काय शिकलास, मागे कोण कोण आहे, हे लिहायला मी बसलेलो नाही. छत्तिसाव्या वर्षी तुझ्या साउंडच्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या तू गेलास, हे सगळ्यांचं सांगून झालं आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे. नेहमीसारखं तू सगळं ऐकून घेशील आणि गप्प बसशील. तुझं ते गप्प बसणंच मला आजवर खुपत आलं आहे.

डिप्लोमाच्या वर्गात तू पादऱ्याहून बसने अपडाऊन करायचास, मी शहरातल्या कारेलीबागेतून बाबांची स्कूटर घेऊन यायचो. शेवटच्या परीक्षेसाठी दोघादोघांनी मिळून एकेक छोटी फिल्म करायची होती. डिपार्टमेंटकडे एकच व्हिडिओ कॅमेरा, तो आठवड्यातून दोन दिवस हाती यायचा. मी दिग्दर्शक झालो, कारण मी मोठ्याने बोलायचो. तू आवाज घेतलास, कारण तुला खरंच तोच हवा होता, आणि हे कळल्यावर मला तू जरा वेडसर वाटला होतास. फिल्मचं नाव आपण ठेवलं ‘साडेबारा ते चार’. दुपारी आपल्या गावातली दुकानं बंद होतात, रस्ते ओस पडतात. त्या वेळात घरात एकटी असलेली बाई काय करते, एवढीच बारा मिनिटांची गोष्ट. वर्गातली मीनल ती बाई झाली. घर आमचं होतं आणि स्वयंपाकघर आईचं.

मला संगीत हवं होतं. संगीताशिवाय फिल्म म्हणजे मला नुसता व्हिडिओ वाटायचा, लग्नाचासुद्धा नाही, कारण लग्नाच्या व्हिडिओतही गाणी असतात. मांडवी बाजारातल्या त्या कॅसेटच्या दुकानात आपण किती खेपा घातल्या! दुकानदार कॅसेट हातात घेऊन विचारायचा, “दुःखी जोइए के शांत?” त्याच्याकडे तेवढेच दोन प्रकार होते. मी शांत घेत गेलो. संतूर शांत, सतार शांत, बासरी तर फारच शांत. वर्गातल्या एकाकडे कीबोर्ड होता, त्याने खास आपल्यासाठी धून बसवली. ती ऐकून तू त्याच्या तोंडावर म्हणालास, “आ तो साबुनी जाहेरात छे.” तो तुझ्याशी वर्षभर बोलला नाही. सरांचं म्हणणं, थोडं म्युझिक घाला रे, नाहीतर परीक्षक झोपतील.

आणि तू डिपार्टमेंटच्या पायऱ्यांवर बसून मला एकच प्रश्न विचारत राहिलास. “मंदार, बाई एकटी आहे ने घरात? मग तो बासरीवाला कुठे बसलाय? माळ्यावर?”

मी चिडायचो आणि पुन्हा मांडवीची वाट धरायचो.

तुझं मराठी आमच्या घरी तयार झालं. आईच्या ओट्याशी उभा राहून तू आमटीची फोडणी ऐकायचास. होय, ऐकायचास, आणि मोहरी तडतडून संपत आली की मान हलवायचास. आमच्या बाहेरच्या खोलीतला पंखा दर फेरीला एकदा ‘कट्’ म्हणतो, हे मला बाविसाव्या वर्षी तू सांगितलंस. मी त्या पंख्याखाली लहानाचा मोठा झालो होतो आणि मला माहीत नव्हतं. त्यानंतर मला तो रोज ऐकू यायला लागला, अजून येतो. नळाचं पाणी जायच्या आधी नळ कसा खाकरतो, डब्याचं झाकण आई रागात असली की कसं बसतं, हे सगळं तू एका चोपडीत लिहून ठेवायचास. आई हसायची. “हितेश, आमच्या घरात ऐकण्यासारखं काय आहे रे?” तू म्हणायचास, “काकी, तुम्ही काम करा, मी ऐकतो.” मग ती तुला आणखी एक पोळी वाढायची. तिचं एवढं लक्ष देऊन कुणी ऐकत नव्हतं. बाबा नाही आणि मीही नाही. हे मला आज कळतं असं म्हणायला आवडलं असतं, पण तेव्हाही कळत होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, एवढंच.

एप्रिलमधली ती दुपार. तुला रिकाम्या घराचा आवाज हवा होता. कुणी नसतानाही घराला आवाज असतो, तो घेऊन प्रत्येक प्रसंगाखाली अंथरायचा, म्हणजे चित्र कोरडं वाटत नाही, असं तुझं म्हणणं. त्यासाठी घरात कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही. आई भिशीला गेली होती. तू लोणच्याच्या बरण्यांमागे टेप ठेवलास, माईक जरासा पुढे काढलास, बटण दाबलंस आणि आपण दाराला कुलूप घालून मीनलबरोबर सेवउसळ खायला गेलो. त्या वेळी हातगाडीवाल्याची एकच लारी उघडी होती. तू दोनदा तरी मागून घेतलीस, आणि घाम पुसत म्हणालास, “पंचेचाळीस मिनिट चालेल एक बाजू. आरामसे खा.”

परत आलो तर आई घरात. जिच्याकडे भिशी होती तिच्याकडे अचानक पाहुणे आले म्हणून सगळ्या बायका पाच मिनिटांत परतल्या होत्या. आईने आपल्या किल्लीने दार उघडलं होतं आणि ती चहाचं आधण ठेवत होती. तुझा चेहरा पडला. सगळी बाजू वाया गेली. तू बरण्यांमागून टेप काढलास आणि म्हणालास, “काकी, हा चालू...” मी तुला मध्येच तोडलं. “चल रे, उशीर होतोय.” का तोडलं? काही कारण नव्हतं. आईला टेपचं काही सांगत बसायचा मला कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डिपार्टमेंटमध्ये एकाच हेडफोनला आपण दोघांनी एकेक कान लावला. कुलूप. चपला. पंख्याचं बटण, मग कट्, कट्. मग आई.

“अहो, ऐकलंत का.”

घरात कुणी नव्हतं. ती बाबांशी बोलत होती. पुन्हा, जरा हळू, “अहो, मी काय म्हणते, ते नवीन बालमंदिर निघतंय ना सोसायटीपलीकडे, तिथल्या बेन मला विचारत होत्या, शिकवायला येता का.” मग पातेलं ठेवल्याचा आवाज. मग, “सकाळचे फक्त तीन तास. तुमचा डबा झाल्यावरच जाईन.” मग तिने घसा खाकरला आणि बाबांच्या आवाजात, अगदी बाबांच्या, म्हणाली, “आणि घरात काय कमी आहे?” मग स्वतःच्या आवाजात, “कमी काही नाही हो.” जरा वेळ नुसता पंखा. “बरं, राहू दे.” आणि पुन्हा पहिल्यापासून, “अहो, ऐकलंत का.” त्या अर्ध्या तासात चार वेळा. दर वेळी आवाज आणखी मऊ.

आई बी.ए. झालेली होती हे मला माहीत होतं, जसं घरात एक शिवणयंत्र आहे हे माहीत असतं तसं. बाबा रिफायनरीत होते, वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांचं उत्तर आधीच तयार असायचं. बालमंदिर जूनमध्ये सुरू होणार होतं. मेच्या अखेरीपर्यंत तिला होय-नाही कळवायचं होतं. ती विचारण्याची तालीम करत होती.

तू हेडफोन काढून टेबलावर ठेवलास. “आ नहीं लेवाय,” म्हणालास. मग मला समजलं नसेल असं वाटून मराठीत, “हे नाही घ्यायचं. काकीला विचारू पहिलं.”

मी म्हणालो, “विचारलं तर ती नाही म्हणेल.”

“मग नाही.”

एवढं साधं होतं तुझं. मी दोन दिवस तुझ्यामागे लागलो. तुझेच शब्द तुझ्यावर फिरवले. बासरीवाला नको ना तुला माळ्यावर? मग ही घे, ही त्या घरातली खरी बाई आहे. चेहरा तर मीनलचा दिसणार, आवाज कुणाचा हे कोण ओळखतंय? अख्खी सोसायटी आईला गॅलरीतल्या हाकेवरून ओळखायची, आणि मी हे बोलत होतो. तू कॅसेटवरच्या चिठ्ठीवर पेनने काहीतरी लिहिलंस आणि ती खिशात घातलीस. तिसऱ्या दिवशी खिशातून काढून मशीनमध्ये घातलीस आणि आवाज चित्राखाली बसवलास.

आता माझं भांडण ऐक. बासरीसाठी तू तीन आठवडे लढलास. माझ्या आईसाठी दोन दिवस? बटण तू दाबलंस हितेश, माझा हात नव्हता त्यावर. आणि नुसतं दाबलं नाहीस. मीनल डब्यातले तांदूळ निवडताना क्षणभर थांबते, तिथे तू नेमकं “बरं, राहू दे” आणलंस. त्या तीन शब्दांसाठी एक पूर्ण दुपार घालवलीस. नको असलेल्या कामावर माणूस एवढा जीव लावत नाही. तुलाही तो आवाज हवा होता. माझ्याइतकाच. तू एवढं कबूल केलं असतंस ना, तर मला तुझा इतका राग आला नसता.

मेमध्ये, संध्याकाळी पाच वाजता, डिपार्टमेंटच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. आईबाबा आले. बाबा इस्त्रीच्या सफारीत, आई ठेवणीतल्या साडीत. आईने कौतुकाने सोसायटीतल्या दोन बायकाही बरोबर आणल्या होत्या. चौथ्या मिनिटाला तिचा आवाज आला. त्या दोघी बायकांनी एकदम तिच्याकडे वळून पाहिलं. मग पडद्यावरून “आणि घरात काय कमी आहे?” आलं आणि हॉल हसला. चांगलं, मोकळं हसला. बाबाही हसले. एक क्षण हसले, आणि मग त्यांनी स्वतःला ओळखलं. मी त्यांच्या मागच्या रांगेत होतो, त्यांची मान कशी ताठ झाली ते मला दिसलं. आई शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहिली. शेवटी टाळ्या वाजल्या तेव्हा तिनेही वाजवल्या.

घरी आल्यावर बाबा जेवले, ताट सरकवलं आणि म्हणाले, “विचारायचं होतं तर विचारायचं. मी काय राक्षस आहे?” आणि गॅलरीत जाऊन बसले.

आईने माझ्याकडे पाहिलं. “हे त्यात कुणी घातलं?”

मी माठातलं पाणी घेतलं, प्यालो, भांडं पालथं ठेवलं आणि म्हणालो, “हितेशने. मला न सांगता. मलाही तिथेच कळलं.”

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तू आलास. मी आतल्या खोलीत होतो, दार लोटलेलं. तुझ्या चपला काढल्याचा आवाज आला, कारण तू आमच्याकडे नेहमी आधी चपला काढायचास आणि मग बेल वाजवायचास. आईने दार उघडलं. ‘ये’ म्हणाली नाही. म्हणाली, “मंदार घरी नाही.” तेवढ्यावरूनच तुला सगळं कळलं असणार, मी काय सांगितलं आहे ते. मग तू म्हणालास, “काकी, भूल झाली. माफ करा.” भूल झाली. कुणाची ते नाही सांगितलंस. आईने दार लावलं. तुझ्या चपला जिन्याने खाली जाताना मी ऐकल्या, आणि तू शिकवल्याप्रमाणे मला पायऱ्या मोजता आल्या.

का नाही सांगितलंस? ‘मंदारने सांगितलं म्हणून केलं’, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तू म्हटलं असतंस तर आईने मला चार दिवस फैलावर घेतलं असतं, मी रडलो असतो, आणि विषय मिटला असता. तू गप्प बसून चांगला झालास आणि मला जन्माचा लहान करून ठेवलंस. मित्र असलं करत नाहीत.

आईने बाबांना कधीच विचारलं नाही. मी एकदा म्हणालो, “आता विचार ना, ते स्वतःच म्हणाले विचारायचं होतं म्हणून.” ती भाजी चिरत होती. “आता विचारलं तर ते हो म्हणतील,” ती म्हणाली. “लोक हसले म्हणून. तसलं हो मला नको.” जूनमध्ये बालमंदिर सुरू झालं. सकाळी आमच्या गॅलरीतून मुलांच्या कविता ऐकू यायच्या. आई ते दार लावून घ्यायची.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते ऐकलेलं नाहीस. आपली फिल्म अहमदाबादच्या एका विद्यार्थी स्पर्धेत गेली आणि तिला आवाजासाठी बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर तुझं नाव. तू आला नाहीस, म्हणून स्टेजवर मी गेलो. एकाने विचारलं, ती कल्पना कुणाची? मी म्हणालो, माझी. तेव्हा नवी नवी चॅनेल निघत होती, माणसं हवी होती. मुंबईच्या मुलाखतीतही मी तेच सांगितलं, आईचा आवाज घ्यायचं माझ्या डोक्यात आलं, आणि समोरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला नोकरी लागली. घरात दोष तुझा, बाहेर कल्पना माझी. या दोन्ही गोष्टी माहीत असलेला जगात एकच माणूस होता, आणि तो पादऱ्याच्या बसमधून अपडाऊन करत नवरात्रीच्या गरब्याला साउंड सिस्टिम भाड्याने देत होता. फोडणी ऐकणारा तू, आणि तुझ्या नशिबी ते डोंगराएवढे स्पीकर.

सुट्टीत घरी आलो की मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचो आणि कान स्वयंपाकघराकडे लावायचो. पातेली, नळ, पंख्याचं कट्. आई एक शब्द बोलायची नाही. पूर्वी ती सतत बोलायची, कणकेशी, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीशी, न आलेल्या माणसांशी. आम्हाला त्याची इतकी सवय की ते कधी कानावर पडलं नव्हतं. आता तुझी ती टेप लावली असती तर तुला हवा होता तसा रिकाम्या घराचा आवाज मिळाला असता. आई घरात असताना.

चार वर्षांपूर्वी मी तुला शेवटचा भेटलो. नवरात्रीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, गरब्याच्या मैदानावर. तू स्पीकरच्या भिंतीमागे उकिडवा बसून वायरी जोडत होतास. माझ्याकडे बघून हसलास, जसे रोज भेटतो आहोत. चहा मागवलास. मग विचारलंस, “काकी अजून बोलते? एकटी असली की?”

मी म्हणालो, “नाही.”

तू मान खाली घातलीस आणि एका बटणाशी खेळत बसलास. तेव्हा बोलायचं होतं मला. ओठांवर आलं होतं. आणि मी काय म्हणालो? “एवढे मोठे स्पीकर लावतोस यार, लोकांचे कान फुटतील.” तू म्हणालास, “लोकांना असंच जोइए.” चहा संपला. मी गेलो. पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवून गेलो.

परवा बेसण्याची जाहिरात आईनेच पेपरात पाहिली. मी आदल्या दिवशीच मुंबईहून आलो होतो आणि ते पान तिच्यापासून लपवावं की काय असा विचार करत होतो. ती म्हणाली, “मी येते तुझ्याबरोबर.” वाडीत ती बायकांच्या बाजूला न बसता माझ्याशेजारीच बसली. निघताना तुझी बायको दक्षा आमच्या मागे दारापर्यंत आली. माझ्या हातात एक कॅसेट दिली. “मंदारभाई, आ तमारी. एमणे जुदी राखेली.” बाकी सगळ्या जुन्या कॅसेट तू कधीच काढून टाकल्यास म्हणे. ही एक कपाटात वेगळी ठेवली होतीस.

मी ती खिशात घालणार तोच आईने हात पुढे केला. गाडीत बसल्यावर तिने चष्मा लावला आणि वरची चिठ्ठी वाचली. चौदा वर्षांपूर्वीचं तुझं गुजराती अक्षर. तू त्या दिवशी माझ्यासमोर पेनने काय लिहिलं होतंस ते मी तेव्हा वाकून पाहिलं नव्हतं. आईने मोठ्याने वाचलं.

“काकी. पूछवानुं बाकी.”

विचारायचं बाकी.

मी पाण्याच्या बाटलीकडे हात नेला. आई म्हणाली, “पाणी नको पिऊस. आधी बोल.”

मग मी बोललो. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. तू नको म्हणाला होतास, तू तिला विचारू म्हणाला होतास, मी तुझ्यामागे लागलो, आणि घरी येऊन मी तुझं नाव घेतलं.

“माहीत आहे,” आई म्हणाली.

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. खोटं बोलायचं असलं की तू आधी पाणी पितोस. लहानपणापासून.”

मला वाटलं होतं, हे सांगितलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. मी विचारलं, “मग त्याला दारातून परत का पाठवलंस? माहीत असताना?”

ती बाहेर बघत होती. बाहेर कपाशीचं शेत होतं आणि एक ट्रॅक्टर चालला होता. “राग कुणावर तरी काढायचा होता,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांवर काढता येत नव्हता. तुझ्यावर काढवत नव्हता. तो दारात आला, आणि तो परका होता.” मग, “पोळ्या किती खायचा रे माझ्या हातच्या.” तिचे डोळे पाणावले नाहीत. माझे पाणावले, आणि मला माझीच लाज वाटली, कारण आईसमोर रडायचा हक्क तुझा होता आणि तो मी तुला मिळू दिला नव्हता.

म्हणजे बघ, आम्ही दोघांनी मिळून तुला बाहेर ठेवलं. एकाने खोटं बोलून, एकीने ते ओळखून. आणि तू चौदा वर्षं एक चिठ्ठी जपून ठेवलीस.

कॅसेट आईच्या मांडीवर होती. तिने चष्मा काढला, मिटला.

“विचार,” ती म्हणाली.

“काय?”

“बाकी आहे म्हणून त्याने लिहून ठेवलंय ना? विचार मग.”

गाडीत एवढी शांतता होती की तुला ती टेप करावीशी वाटली असती. मग मी विचारलं, हितेश. तुझ्या वतीने म्हणू की माझ्या, मला माहीत नाही. मी म्हणालो, “आई, तुझा हा आवाज आम्ही आमच्या फिल्ममध्ये घेऊ का?”

आईने कॅसेट पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली आणि म्हणाली, “नाही.”